आत्याचं माप

बाईंच्या नाटक कंपनीत कुणाला कुठली भूमिका मिळाली हे कधी कुणाला तोंडाने सांगितलं जात नसे. ते टेप सांगायची. नव्या नाटकाचं वाचन ठरलं की दहाएक दिवस आधी बाई चिठ्ठ्या लिहायच्या. त्या मागच्या खोलीत शिवणावर बसणाऱ्या आत्याकडे जायच्या, आणि आत्या गळ्यात टेप अडकवून बाहेर आली की सगळे हातातलं काम टाकून उभे राहायचे. ज्याच्या खांद्याला टेप लागली तो नाटकात. ज्याच्या लागली नाही त्याने खुर्च्या मांडायच्या, तिकिटं फाडायची आणि चेहरा हसरा ठेवायचा. चेहऱ्याच्या बाबतीत बाई फार कडक होत्या.

बाई म्हणजे आत्याची वहिनी. बारा वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांत त्यांनी आयांची कामं केली, तीही पंचविशीपासून. तुमचा चेहराच आईचा आहे, असं एका दिग्दर्शकाने त्यांना चारचौघांत सांगितलं, तेव्हा त्या तालीम अर्धी टाकून निघून आल्या आणि महिन्याभरात एक बंद पडलेला छापखाना भाड्याने घेऊन स्वतःची कंपनी काढून बसल्या. पहिल्या दिवशी कंपनीत माणसं तीनच: बाई, बाईंचा नवरा म्हणजे आत्याचा दादा, आणि आत्या. फरशीवर शाईची पुटं चढली होती. ती रॉकेलने घासून काढता काढता आत्याचे हात दोन महिने काळेच्या काळे राहिले. दादा तिकिटाच्या खिडकीत बसायचा. तो जाऊन आता आठ वर्षं झाली. बाईंच्या मुलाने लहानपणी आत्याला आत्या म्हटलं म्हणून कंपनीही तिला आत्याच म्हणू लागली. मुलगा शिकून लांब निघून गेला आणि हाक तेवढी मागे राहिली.

एकवीस वर्षांत एकतीस नाटकं. चार वाजता दाराला आतून कडी, मग बाहेर कोणी का येईना. एक वाक्य चाळीस वेळा म्हणायला लावायचं आणि चाळिसाव्याला म्हणायचं, पहिलं बरं होतं. रडलं कोणी तर त्याला रडणं थांबवायला न सांगता, असंच तिसऱ्या अंकात रड, म्हणून सांगायचं. बाई गुणी होत्या यात वाद नाही. गुणी माणसाला किती माफ करायचं याला काही सुमार असतो, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आत्या शिंपीण म्हणून कंपनीत आलेली नव्हती. पहिल्या नाटकात तिला काम होतं, सात वाक्यांचं. ती सात वाक्यं तिला अजून पाठ आहेत. पण प्रयोग तोंडावर आला तरी कपडे झालेले नव्हते. बाहेरचा शिंपी ऐनवेळी हातावर तुरी देऊन गेला होता आणि शिवणयंत्र चालवता येणारी घरात एकटी आत्या. बाई म्हणाल्या, आत्ता तू शीव, पुढच्या नाटकात बघू. आत्या म्हणाली, माझं काय, मी आहेच. तेव्हापासून तीस वेळा पुढचं नाटक आलं आणि तीस वेळा आत्या मागच्या खोलीतच होती. बाईंना ते बोलणं आठवत होतं की नाही कोण जाणे. आत्या विसरलेली नव्हती. बाकीच्यांचे झगे, कोट, गणवेश शिवताना ती प्रत्येक नाटकातलं एक तरी काम मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकायची, आणि मशीनचं पायडल मारता मारता ते पुटपुटायची.

टेपेची ताकद तिला एकदा चांगली कळली होती. कंपनीत एक म्हातारा नट होता. जन्मभर राजांची कामं केली म्हणून त्याला सगळे राजेच म्हणत. त्याचा आवाज गेल्यावर बाईंनी त्याची चिठ्ठी काढली नाही. हे त्याला कोण सांगणार? राजे स्वतःच आत्याच्या खोलीच्या दारात आले आणि दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले. आत्याला राहवलं नाही. चिठ्ठी नसताना तिने टेप काढली आणि त्यांची छाती मोजली, बाही मोजली, वहीत आकडे लिहिल्यासारखं केलं. राजे आठ दिवस सगळ्यांशी गोड बोलत हिंडले. वाचनाच्या दिवशी सगळ्यांच्या हातात संहिता आली आणि त्यांच्या हातात आली नाही तेव्हा ते खुर्चीतून उठून थेट घरी गेले, ते परत आलेच नाहीत. बाईंनी आत्याला बोलावून एवढंच सांगितलं की चिठ्ठीशिवाय टेप लावायची नाही. माझ्यापेक्षा तूच त्याला जास्त मारलंस, असंही म्हणाल्या. आत्याने कानाला खडा लावला.

आता त्या वहीबद्दल. कंपनीच्या वाढदिवसाला सगळ्यांना एकेक नवा कपडा मिळे आणि त्यासाठी आत्या सगळ्यांची मापं घेई. पण स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही, ते घेत बाई. तेवढ्यापुरता दरवाजा लोटून घ्यायच्या. छातीभोवती टेप न्यायची तर दोन्ही हात पाठीमागे न्यावे लागतात, म्हणजे जवळजवळ मिठीच. वर्षातून एकदा वहिनी आपल्याला जवळ घेते, मग ते टेपेसाठी का असेना, असं आत्याला वाटे, आणि तो दिवस जवळ आला की ती न्हाऊन-माखून स्वच्छ कपडे घालून बसे. आकडे बाई वहीच्या पहिल्या पानावर लिहीत. छाती बेचाळीस. कंबर अडतीस. कुल्ला शेहेचाळीस. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. हा शेवटचा आकडा इतक्या वर्षांच्या मशीनची देणगी होती.

बत्तिसाव्या नाटकाच्या चिठ्ठ्या आल्या त्या दिवशी आत्या काजं करत बसली होती. चार चिठ्ठ्यांवर नेहमीसारखी नावं होती. पाचवीवर नाव नव्हतं. करड्या रंगाचा, पुढे बटणांचा, साधा लांब झगा, एवढं लिहून खाली नुसते आकडे होते. बेचाळीस, अडतीस, शेहेचाळीस. आणि शेवटी, डावा खांदा अर्धा इंच खाली.

आत्याने चिठ्ठी पालथी घातली, परत सरळ केली. मग वही काढून पहिलं पान समोर धरलं. आकडा आकड्याला जुळत होता. कंपनीत दुसऱ्या कुणाचा डावा खांदा खाली नव्हता. तिला वाटलं बाहेर जाऊन वहिनीला विचारावं, पण विचारायचं नसतं हा कंपनीचा नियम, आणि नियम तिच्या डोळ्यांदेखत झाला होता. तिने चिठ्ठी घडी करून ब्लाउजच्या आत ठेवली. त्या दिवशी तिच्याकडून एकही काज सरळ झालं नाही.

कपड्यांची यादी करायला तिला संहितेची एक प्रत मिळे. ती तिने घरी नेऊन दुपारच्या उन्हात खिडकीशी बसून वाचली. नाटकाचं नाव होतं ‘घरातली’. भावाच्या घरी राहणारी एक बिनलग्नाची बाई, सगळ्यांचे कपडे सांधणारी, सगळ्यांच्या मध्ये असून कुणाच्याच मोजणीत नसलेली. तिच्या तोंडी तिसऱ्याच पानावर वाक्य होतं, माझं काय, मी आहेच. आत्या हसली. पुढे वाचत गेली तसं तिचं हसू कमी होत गेलं, पण आनंद वाढत गेला. जिन्याच्या कठड्याला हात लावायच्या आधी त्यावर धूळ आहे का बघायची तिची सवय त्यात होती. सुई तोंडात धरून बोलणं होतं. आणि दुसऱ्या अंकात खिशाची गोष्ट होती.

ती गोष्ट आत्याने जन्मात एकाच माणसाला सांगितली होती, दादा गेला त्या वर्षी, वहिनीला. ऐन तिशीत असताना एक मोजणीखात्याचा माणूस कोटाचा फाटका खिसा शिवून घ्यायला घरी आला होता. पंधरा दिवसांनी तोच खिसा घेऊन परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आत्याच्या लक्षात आलं की टाके उसवलेले नाहीत, कापलेले आहेत. तिने मान वर केली नाही. आणखी पक्का शिवते, एवढंच म्हणाली, आणि दुहेरी दोऱ्याने असा शिवला की तो पुन्हा कधी फाटला नाही. माणूसही पुन्हा आला नाही. वहिनीने ते ऐकून तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

दुसरी कोणी असती तर तिला राग आला असता. आत्याला वाटलं, वहिनीने जपून ठेवलं. मला बोलता यावं म्हणून माझीच वाक्यं दिली, पाठांतराला त्रास पडू नये म्हणून. एकवीस वर्षांनी का होईना, पुढचं नाटक आलं. असं वाटून घेण्यात तिची चूक काय होती? ज्याचं माप त्याचं काम, हेच तर ती आयुष्यभर बघत आली होती.

झगा तिने आठ दिवसांत शिवला. इतका मन लावून तिने राजांचा राज्याभिषेकाचा झगाही शिवला नव्हता. आतून अस्तर लावलं, जे प्रेक्षकांना कधीच दिसणार नव्हतं. दुपारी सगळे जेवायला गेले की ती दार लावून तो घालून बघे आणि आरशासमोर दुसरा अंक म्हणे. शब्द न् शब्द पाठ झाला होता.

या दिवसांत तिला एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, ते नवीबद्दल. नवी कंपनीत येऊन तीन वर्षं झाली होती, तरी नवीच. काडीसारखी पोर, अंगात कला होती. गेला महिनाभर ती रोज येऊन आत्याच्या खोलीत बसायची. दोरा ओवून द्यायची, गुडघ्याला तेल लावून द्यायची, तुम्ही लहान असताना काय करायचात म्हणून विचारायची. पोरीला शिवण शिकायचं दिसतंय असं आत्याला वाटलं, आणि तिने तिला हेमची शिलाई शिकवली. या वेळी नवीच्या नावाची चिठ्ठीच नव्हती. आत्याला राजांचे पसरलेले हात आठवले. नवीने हात पसरले नाहीत, ती विचारायलाही आली नाही, म्हणून आत्याला तिची अधिकच माया वाटली. तिने उरलेल्या करड्या कापडातून तिला एक पिशवी शिवून दिली.

वाचनाच्या दिवशी आत्या झगा अंगात घालूनच आली. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. पहिल्या नाटकानंतर पहिल्यांदाच ती त्या गोलात बसली. उजेडाची कामं बघणारा, ज्याला सगळे काजवा म्हणत, त्याने भुवया उंचावल्या. बाई आल्या, दाराला कडी घातली आणि आत्याकडे बघून प्रसन्न हसल्या. घालून आलीस ते फार बरं केलंस, म्हणाल्या, सगळ्यांना नीट दिसेल, उभी राहा.

आत्या उभी राहिली. बाईंनी संहिता वाटल्या. आत्याच्या हातात दिली नाही, पण तिला ती नकोच होती. पहिला प्रवेश, बाई म्हणाल्या, घरातली, बोल.

“दार लोटून घ्या, वारा येतोय,” आत्या म्हणाली.

“दार लोटून घ्या, वारा येतोय,” नवी म्हणाली.

दोघींचं एकदमच झालं. आवाजही एकच होता. तोच दबका सूर, शेवटच्या शब्दावर तीच थकल्यासारखी घसरण. आत्याने वळून नवीकडे पाहिलं. नवीने मान खाली घातली. गोलात कोणीतरी खोकलं.

“तू कशाला बोलतेस?” बाईंनी विचारलं.

“वहिनी, माप माझं होतं.”

“तुझंच होतं. म्हणून तर दिलं.” बाई अजिबात चिडलेल्या नव्हत्या. एखाद्या पोराला हिशेब समजावून सांगावा तशा त्या सांगत होत्या. “नवीला ते अंग कुठून येणार? तुझा झगा, त्यात कापूस भरून तुझी कंबर, तुझा खांदा. मग तुझं चालणं. महिनाभर तुझ्याकडे तिला उगीच पाठवत होते होय मी?”

आत्याला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं. “मला सगळं पाठ आहे,” ती म्हणाली.

“असणारच. तुझंच आहे. अगं, तू पात्र आहेस. पात्राला कधी काम करता येतं का?”

कोणीतरी हसलं. वाईट मनाने नाही. बाई काही चांगलं बोलल्या की हसायची त्या गोलाला सवयच होती. मग बाकीचेही हसले. आणि आत्याला नियम आठवला. तिने चेहरा हसरा केला. तशीच ती वाचन संपेपर्यंत, पुरे तीन अंक, उभी राहिली, कारण बसायला कोणी सांगितलं नाही आणि नवीला मधूनमधून तिच्याकडे बघावं लागत होतं. खिशाच्या गोष्टीला सगळ्यांत जास्त हसू आलं. नाटकातली ती दुहेरी दोरा ओवून खिसा पक्का शिवते तिथे काजव्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या कापूस भरू लागली. दुसरी असती तर कंपनी सोडून गेली असती. पण जाणार कुठे? घर वहिनीचं, काम वहिनीचं, आणि खरं सांगायचं तर रागावण्याचा सराव नव्हता. तिने नवीसाठी पोटाची उशी केली, दोन कुल्ल्यांच्या उश्या केल्या, आणि डाव्या खांद्यात शिशाची गोळी शिवली, म्हणजे तो अर्धा इंच खाली ओढला जाईल. तिने ते अंग नवीला चढवून दिलं. नवी आरशात बघून म्हणाली, “बाप रे, आत्या, किती जड आहे हो. हे दिवसभर कसं वागवता तुम्ही?” पोर मनापासून विचारत होती.

प्रयोगाला अकरा दिवस उरले असताना नवीचा पाय मुरगळला. ते जड अंग घेऊन जिना उतरताना ती पायरी चुकली आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली आणि टेकायचा नाही म्हणून बजावलं. बाई तासभर तारखा मोजत बसल्या. मग मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आत्या, चल. तिच्या जागी उभी राहा. काजव्याला उजेड लावायचाय. आणि हे बघ, नाहीच बरा झाला तिचा पाय, तर तूच करशील. दुसरं कोण आहे?”

एवढं ऐकल्यावर मागचं सगळं आत्याच्या मनातून धुऊन निघालं. माणसाची जात अशीच आहे, त्याला आम्ही काय करणार. ती उठली, हातातली कात्री खाली ठेवायचीही विसरली, आणि कात्रीसकट रंगमंचावर गेली.

कापसाची गरजच नव्हती. नवीने उतरवलेला करडा झगा तिने तिथेच अंगात चढवला, तो तिच्याच मापाचा होता. पहिल्या वाक्यापासून ती बोलली, जशी रोज बोलते तशी. कठड्याची धूळ बघितली. खिशाच्या प्रवेशाला तिने मान खाली घातली आणि, आणखी पक्का शिवते, असं इतक्या हळू म्हटलं की ऐकायला पुढे वाकावं लागलं असतं. या वेळी कोणी हसलं नाही. वर शिडीवर काजव्याचा हात बटणावर तसाच राहिला आणि उजेड बदलायचा राहून गेला.

“खोटं,” समोरच्या अंधारातून बाईंचा आवाज आला.

आत्या थांबली.

“पटत नाही. ती अशी चालत नाही. अशी हळू बोलत नाही. किती ताठ उभी आहेस तू! नवी, दाखव गं हिला.”

नवी खुर्चीत बसली होती, पट्टीचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. चालून दाखवता येत नव्हतं म्हणून तिने बसल्या बसल्याच हातांनी, कमरेने, मानेने दाखवलं. “आत्या, तुम्ही ना, आधी असं ढुंगण मागे टाकता, मग पाय पुढे. आणि बोलायच्या आधी नाक ओढता. आणि वाक्य संपलं तरी तोंड उघडंच ठेवता, कोणी अजून काही विचारेल म्हणून. बघा, असं.” ती अगदी प्रेमाने सांगत होती. तिच्या तोंडावर आत्याला स्वतःचं तोंड दिसलं, उघडं, आशाळभूत, आणि तिला कळेना की हे खरं आहे की नाही. आपलं तोंड आपल्याला कुठे दिसतं? वहिनी आणि पोर दोघी सांगतायत म्हणजे असेलच, असं तिने धरलं.

मग ती शिकू लागली. नऊ दिवस, रोज चार ते सात. ढुंगण मागे, मग पाय. नाक ओढायचं, मग बोलायचं. तोंड मिटायचं नाही. पहिले दोन दिवस बाई नुसत्या नाही, नाही म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी आत्याने जिन्याच्या कठड्यावरची धूळ बघताना तोंड इतकं वेडंवाकडं केलं की काजवा शिडीवर फिस्सकन हसला. आपल्याला कोणी हसलं म्हणून एवढं सुख होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्या हसण्यासाठी तिने दुसऱ्या दिवशी तोंड आणखी वाकडं केलं. खिशाच्या प्रवेशात तिने स्वतःच सुचवलं, वहिनी, दोरा ओवताना मी चार वेळा चुकले तर? त्या माणसाकडे बघत बघत सुई आपल्याच बोटात टोचली तर? बाई म्हणाल्या, कर बघू. तिने केलं. सगळे पोट धरून हसले. तो मोजणीखात्याचा माणूस, जो तिला अजून अधूनमधून आठवत असे, त्याच्याकडे तिने जीभ बाहेर काढून बघितलं, आणि आत कुठे काही दुखलंही नाही. दुखायला फुरसतच नव्हती.

नवव्या दिवशी बाई म्हणाल्या, जमतंय. आत्या त्या संध्याकाळी घरी गेली आणि ट्रंकेतून पहिल्या नाटकाचं पत्रक काढून बसली. त्यावर तिचं काम छापलेलं होतं, प्रयोगाच्या आधी रद्द झालेलं. या वेळच्या पत्रकावर आपल्याला काय म्हणतील याचा ती विचार करत होती.

दहाव्या दिवशी नवी स्वतःच्या पायांनी चालत आली. सूज उतरली होती. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. ती धावत येऊन आत्याच्या गळ्यातच पडली. आत्या, तुम्ही होतात म्हणून तालमी झाल्या, म्हणाली. बाईंनी घड्याळ बघितलं, दाराला कडी घातली आणि आत्याला सांगितलं की कापसाच्या उश्या पुन्हा लाव, आणि ते बोटाला सुई टोचण्याचं नवीला शिकवून ठेव, छान आहे ते, राहू दे.

“वहिनी, तुम्ही म्हणाला होतात…”

“बरा झाला नाही तर, म्हणाले होते. झाला की बरा.” बाई कागदांतून मान वर न करता बोलत होत्या. “तोंड का पाडतेस? पुढच्या नाटकात बघू.”

आत्याने नवीला सुई टोचून घ्यायला शिकवलं. पोर हुशार, दोनदा सांगावं लागलं नाही.

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी आत्या मागच्या खोलीत झग्याला इस्त्री करत होती. बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. इस्त्री झाल्यावर तिने झगा दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि रंगपटाकडे निघाली. मधला बोळ लांब आहे, एका बाजूला जुन्या छपाईयंत्रांचे पाय अजून जमिनीत रुतलेले आहेत. काजवा तिथे वायरी गुंडाळत बसला होता. तिला येताना बघून तो हसायला लागला.

“आत्या, पुरे आता. संपल्या तालमी.”

काय संपलं ते तिला आधी समजलं नाही. मग तिने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ढुंगण मागे, मग पाय. तिने पाय थांबवले, नाक ओढलं, आणि नाक ओढलं हे लक्षात येऊन ओशाळली. मी असं नव्हते चालत, असं तिला त्याला सांगायचं होतं. सांगण्यापेक्षा चालून दाखवावं म्हणून तिने उजवा पाय उचलला आणि तो तसाच धरून उभी राहिली. आधी कशी चालत होते? टाच आधी टेकत होती का बोटं? हात हलायचे की नाही? चोपन्न वर्षं ती काही विचार न करता चालली होती, आणि आता तिला त्यातलं एक पाऊल आठवेना. तिने एक पाऊल टाकून बघितलं. ते नवीचं होतं. दुसरं टाकलं. तेही नवीचंच.

मागून बाई येत होत्या. त्यांनी थांबून, डोळे बारीक करून, आत्याला त्या बोळातून पाठमोरी चालताना पाहिलं. एकवीस वर्षांत त्यांनी तिच्या कामाला कधी बरोबर म्हटलं नव्हतं.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता बरोबर.”

आत्याने वळून पाहिलं. तोंड उघडंच होतं, वहिनी अजून काही म्हणतील म्हणून. पण बाईंना उशीर होत होता. त्या तिला ओलांडून पुढे गेल्या, आणि नवी आत झग्यासाठी थांबली होती म्हणून आत्याही त्यांच्या मागोमाग, तशीच, चालू लागली.